सगळंच वाजतं तिथे काय खणायचं? डरहॅमच्या जुन्या कोळसाकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर नवीन घेतलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, की काही वाजतच नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम परगण्यातल्या सीहॅम बंदरापासून दक्षिणेला ईझिंग्टन आणि हॉर्डनपर्यंत, नेमकं उलटं घडतं. तिथे सगळंच वाजतं. खिळे, बोल्ट, रुळांचे तुकडे, पोलादी दोरखंडाच्या सुट्या तारा, भट्टीची मळी, कोक (भट्टीसाठी भाजलेला कोळसा). वैतागून मशीन बंद करावं इतकं वाजतं. अशा ठिकाणी महाग मशीन थोडं कामाला येतं, आणि समुद्र कोणती वस्तू कुठे नेऊन ठेवतो याची समज खूप जास्त. म्हणून इथे आधी किनारा आणि मग मशीन.

किनाऱ्यात काय काय पुरलंय

सीहॅमचं बंदर मुळात कोळसा जहाजात भरण्यासाठी बांधलं. लंडनडेरीच्या तिसऱ्या मार्क्विसने १८२८ मध्ये काम सुरू केलं आणि १८३१ मध्ये बंदर चालू झालं. १८५३ मध्ये जॉन कँडलिशने तिथे बाटल्यांचा कारखाना काढला. तो १९२१ पर्यंत चालला आणि फुटकी, टाकाऊ काच सरळ समुद्रात जात राहिली. १८६० च्या दशकात बंदराच्या दक्षिणेला लोखंडाच्या झोतभट्ट्या आल्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत, पण तिथल्या पुळणीला 'ब्लास्ट बीच' हे नाव चिकटलं. शेजारची पुळण 'केमिकल बीच'. नावांवरूनच पायाखाली काय असणार याचा अंदाज येतो.

खरा ढीग मात्र विसाव्या शतकातला. डॉडन, ईझिंग्टन, हॉर्डन या खाणी समुद्राच्या तळाखाली मैलोन्‌मैल गेलेल्या होत्या. कोळशाबरोबर वर येणारा दगड, शेल (पापुद्र्यांचा मऊ खडक) आणि गाळ थेट किनाऱ्यावर ओतला जाई. काही ठिकाणी तर हवेतून जाणाऱ्या पाळण्यांनी. हॉर्डन १९८७ मध्ये बंद झाली, डॉडन १९९१ मध्ये, ईझिंग्टन १९९३ मध्ये, आणि मग ओतणं थांबलं. १९९७ ते २००२ या काळात 'टर्निंग द टाइड' नावाच्या प्रकल्पातून बराच राडारोडा उचलला गेला, पण ब्लास्ट बीचवर त्याचा जाड थर अजून आहे. त्यात पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) असतं. हवा-पाणी लागलं की त्याचं ऑक्सिडीकरण होऊन आम्ल तयार होतं, म्हणून थरावर पिवळे-तांबूस ओघळ दिसतात.

शोधणाऱ्याच्या दृष्टीने या थराचं महत्त्व एवढंच, की तो दर हिवाळ्यात समोरून ढासळतो. म्हणजे किनाऱ्यावर नवा माल अजून पडतोय. बहुतेक माल लोखंडी, पण अधूनमधून खाणकामगाराचा पितळी बिल्लाही सुटतो. खाणीत उतरताना कामगार नंबर ठोकलेला बिल्ला देऊन दिवा घेई आणि वर आल्यावर दिवा देऊन बिल्ला परत घेई. खाली किती जण आहेत, हे त्या बिल्ल्यांवरून कळायचं. कोळशाच्या किनाऱ्यावर शोधायला याहून चांगली वस्तू नाही. चांदीचं नाणं कुठेही मिळतं.

समुद्राची पाखडणी

लाट म्हणजे सूप घेऊन बसलेली बाई समजा: हलकं एका बाजूला, जड दुसऱ्या बाजूला. यामागचं गणित सोपं आहे. वस्तू पाण्यात बुडाली की तिच्या घनतेतून साधारण एक वजा होतो. कोळशाची घनता १.३ च्या आसपास, गारगोटीची २.६५, काचेची २.५, लोखंडाची ७.९, चांदीची १०.५, शिशाची ११.३, शुद्ध सोन्याची १९.३. म्हणजे पाण्यात कोळशाच्या खड्याचं वजन तेवढ्याच आकाराच्या गारगोटीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतं. शिशाचा गोळा मात्र गारगोटीच्या सहापट जड राहतो.

यावरून किनाऱ्याचे पट्टे वाचता येतात. भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेवर कोळशाचे काळे खडे, लाकूड आणि प्लास्टिक जमतं. तिथे डिटेक्टर फिरवून विशेष काही मिळत नाही. त्याखाली वाटाण्याएवढ्या रेवेचे पट्टे असतात. काच आणि रेव यांची घनता जवळजवळ सारखी, म्हणून ज्या आकाराची रेव त्याच आकाराची काच तिथे थांबते. धातू आणखी खाली जातो, आणि 'खाली' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यायचा: समुद्राच्या बाजूला आणि वाळूच्या पोटातही. लाट वाळू हलवत राहते, जड वस्तू बुडत जाते आणि चिकणमाती, चुनखडीचा खडक किंवा घट्ट गोटे असा टणक तळ लागला की थांबते.

मऊ, जाड वाळूची पुळण दिसायला सुंदर, पण तिथे जुनं नाणं मशीनच्या आवाक्याबाहेर गेलेलं असतं. ईशान्येकडून वादळ येऊन गेलं की वाळू उपसली जाते आणि तळ उघडा पडतो. त्यानंतरचे दोन-चार दिवस सोन्याचे. मग शांत लाटा वाळू परत आणून टाकतात. खडकाच्या भेगा, जुन्या धक्क्याचा पायथा, मोठ्या दगडांची समुद्राकडची बाजू आणि एकाच आकाराचे गोटे, जुने बोल्ट, शिशाचे तुकडे एकत्र साचलेली जागा तपासायची. शिशाची मासेमारीची वजनं सापडू लागली की पाऊल तिथेच रोवायचं. शिसं जिथे थांबतं तिथे चांदीही थांबते.

वेळ

या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. दोन ओहोट्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं असतं आणि तेव्हाच सर्वांत खालचा पट्टा उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत तिथवर पोचताच येत नाही.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. भरतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. ओहोटीच्या दोन तास आधी उतरावं आणि पाणी वळल्यावर तासाभरात परतीच्या वाटेला लागावं. नोझेस पॉइंटसारख्या भूशिराला वळसा घालून पलीकडे गेलं की मागे कडा आणि समोर पाणी अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही. आत जाण्याआधी वर चढायची वाट कुठे आहे ते पाहून ठेवायचं. कडे मॅग्नेशियन चुनखडीचे, वर हिमयुगातल्या मातीचा थर. पावसानंतर तुकडे पडतात. कड्याची उंची जेवढी, निदान तेवढं अंतर ठेवून चालावं.

मशीनला खारं पाणी का छळतं

साध्या डिटेक्टरमध्ये, ज्याला व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेचं मशीन) म्हणतात, दोन कॉइल म्हणजे तारेची वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र पाठवतं, दुसरं परत येणारं ऐकतं. धातूत विजेचे भोवरी प्रवाह तयार होतात आणि त्यांचं क्षेत्र थोडं उशिरा परत येतं. उशीर किती, त्यावरून मशीन वस्तूची वाहकता ओळखतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. अडचण अशी, की खारं पाणीही वीज वाहतं. ओल्या वाळूचा संकेत बारीक सोन्याच्या साखळीशी किंवा चॉकलेटच्या चंदेरी कागदाशी मिळताजुळता असतो. मिठाचा आवाज बंद केला की त्याबरोबर ती साखळीही गप्प होते.

यावर दोन उपाय निघाले. पल्स इंडक्शन मशीन विजेचा झटका देतं, थांबतं आणि साधारण दहा मायक्रोसेकंदांनी ऐकू लागतं. मिठाच्या पाण्यातले प्रवाह तोवर विझलेले असतात, धातूतले टिकून असतात. म्हणून ते ओल्या वाळूत शांत आणि खोल चालतं. पण लोखंड कोणतं आणि चांदी कोणती, हे त्याला भरवशाने सांगता येत नाही. सहलीच्या स्वच्छ पुळणीवर ते उत्तम. ब्लास्ट बीचवर नेलं तर दिवसभर खिळे उपसावे लागतील.

दुसरा उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारी मशीन: मायनलॅबचं इक्विनॉक्स, एक्सपीचं डीयस २, नोक्ताचं लेजंड. ही मशीन वेगवेगळ्या वारंवारितांवरचे संकेत ताडून मिठाचा भाग वजा करतात आणि लोखंडाची ओळखही शाबूत ठेवतात. औद्योगिक किनाऱ्यासाठी आमची पसंती हीच. इक्विनॉक्स ८०० असेल तर ओल्या वाळूवर बीच १ ही सेटिंग. बीच २ मध्ये पाठवण्याची शक्ती कमी होते, म्हणून ते लाटांत उतरल्यावरच वापरावं. रिकव्हरी स्पीड (एका आवाजातून सावरून पुढचा पकडण्याचा वेग) ६ च्या आसपास ठेवावा, म्हणजे खिळ्याशेजारचं नाणं वेगळं ऐकू येतं. सेन्सिटिव्हिटी कमाल ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मशीन बरळू लागलं की दोन-तीन पायऱ्या खाली उतरावं. सोबत मिळणारं ११ इंची कॉइल काढून ६ इंची लावलं तर खोली कमी होते, पण दर फेऱ्याला कॉइलखाली तीन खिळ्यांऐवजी एकच येतो. लोखंडाच्या गर्दीत हा सौदा फायद्याचा.

सुरू करताना क्रम असा: कॉइल हवेत स्थिर धरून नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणं), मग धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा संकेत वजा करणं). कोरड्या वाळूवरून ओल्यावर, किंवा वाळूवरून खाणीच्या थरावर गेलं की ग्राउंड बॅलन्स पुन्हा. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, समांतर, आणि एका बाजूकडून दुसरीकडे जायला साधारण तीन सेकंद. हात टोकाला गेला की कॉइल वर उचललं जातं, तिथे खोली वाया जाते.

रत्नागिरीच्या बाजूला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांनी हीच गोष्ट वेगळ्या रूपात पाहिली असेल. तिथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. मॅग्नेटाइट चुंबकीय असल्यामुळे व्हीएलएफ मशीनला जमिनीचाच मोठा संकेत मिळतो आणि नाण्याची खोली घटते. आणखी एक. आपलं १९९२ पासूनचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाचं आहे. मशीनवर लोखंडाचे आवाज पूर्ण बंद करून जुहूवर फिरणाऱ्याला ते कदाचित ऐकूच येणार नाही.

फसवे आवाज

कोळसा वाजत नाही, कोक वाजतो. कोळसा तापवून त्यातले वायू काढून टाकले की मागे राहणाऱ्या कार्बनची रचना ग्राफाइटकडे झुकते आणि तो वीज वाहू लागतो. त्याचा आकडा खालचा पण लोखंडाच्या वरचा येतो, नेमका पातळ चांदीच्या नाण्यांच्या शेजारचा. ओळखायचा कसा? आवाज मऊ, कडा अस्पष्ट, आणि फेऱ्यागणिक आकडा सरकतो. तरी काही खणावे लागतातच. कोक हलका, छिद्राळ आणि करडा असतो. हातात आला की कळतो.

लांब खिळा एका दिशेने छान वाजतो. नव्वद अंशांनी वळून पुन्हा कॉइल फिरवलं की आवाज तुटतो किंवा जागा बदलतो. नाणं दोन्ही बाजूंनी सारखंच वाजतं. गोल लोखंड मात्र या चाचणीत उत्तीर्ण होतं: वॉशर, बाटलीची पत्र्याची बुचं, गंजलेल्या पत्र्याचे चपटे तुकडे. वर्तुळात प्रवाह नीट फिरतो, म्हणून मशीनला ते उत्तम वाहक वाटतं. बुचासाठी एक युक्ती चालते. आवाजाच्या जागेवर कॉइल छोटे फेरे घेत हळूहळू स्वतःकडे ओढायचं, जोवर वस्तू कॉइलच्या टोकाखाली येत नाही. बूच असेल तर टोकाशी लोखंडाचा घोगरा आवाज मिसळतो. नाणं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. पूर्ण गंजलेल्या बुचावर ही युक्तीही कधी हरते.

कधी मोठा, दमदार आवाज येतो आणि खणल्यावर नाहीसा होतो. गंज आजूबाजूच्या वाळूत झिरपून वस्तूपेक्षा मोठा डाग तयार झालेला असतो. वाळू हलवली की तो विखुरतो. खड्डा पुन्हा तपासून पुढे जावं, अर्धा तास घालवू नये.

लोखंडाचे आवाज बंद केल्याने ब्रिटिश नाण्यांचं फार नुकसान होत नाही. १९९२ पासूनचे एक आणि दोन पेन्स पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेले आहेत. समुद्रात ते गंजून फुगतात. हवं असतं ते जुनं: १९१९ पर्यंतची चांदीची नाणी ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ ची ५० टक्के. १९४७ पासून चांदी गेली आणि तांबं-निकेल आलं.

खणायला वाळूत लांब दांड्याचा भोकांचा स्कूप बरा, पण गोट्यांत तो अडकतो. तिथे अरुंद, मजबूत फावडं आणि हातात जलरोधक पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर). हातमोजे जाड हवेत: दोरखंडाच्या तारा बोटात शिरल्या की तुटून आत राहतात. खड्डा बुजवायचा आणि निघालेलं लोखंड पिशवीत घालून वर आणायचं. ते तिथेच टाकलं तर पुढच्या ओहोटीला तुम्हालाच पुन्हा वाजणार. नळकांड्यासारखी, शेपटी असलेली, गंजलेली जड वस्तू दिसली तर हात लावायचा नाही. हा किनारा दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या टप्प्यात होता. दूर जाऊन ९९९ ला फोन करून तटरक्षक दल मागायचं.

मशीन नसताना: काच

सीहॅमला बहुतेक लोक धातूसाठी येतच नाहीत, काचेसाठी येतात. समुद्रात काचेवर दोन क्रिया होतात. गोट्यांच्या टकरीने पृष्ठभागावर इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या बारीक खुणा पडतात, आणि पाणी काचेतला सोडा व चुना हळूहळू खेचून घेतं. दोन्ही मिळून तो दुधी पापुद्रा येतो. यंत्रात फिरवून तयार केलेल्या नकली काचेवर पापुद्रा सगळीकडे एकसारखा असतो आणि भिंगातून त्या खुणा दिसत नाहीत.

रंग सांगतो की आत काय आहे. लोखंडाने हिरवा, लोखंड-गंधक-कार्बन मिळून तपकिरी, कोबाल्टने निळा. युरेनियम मिसळलेली काच अतिनील (यूव्ही) दिव्याखाली झगझगीत हिरवी दिसते. कधी जाड, गोल गोटी सापडते. ती हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीतली असू शकते. आपल्याकडच्या गोटी सोड्याची बाटली तीच.

किनारा पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी, सूर्य खाली असताना, समुद्राकडे तोंड करून चालावं. प्रकाश काचेतून आरपार येतो आणि तुकडा पेटल्यासारखा दिसतो. ओल्या रेवेत रंग उठून दिसतो. कोरड्या रेवेत पांढुरकी काच आणि चुनखडीचा खडा यांत फरक करणं अवघड जातं.

परवानगी आणि कळवणं

किनारा कुणाचा, हे आधी शोधायचं: क्राउन इस्टेट (राजगादीच्या जमिनी सांभाळणारी संस्था), स्थानिक परिषद, नॅशनल ट्रस्ट (वारसा जपणारी संस्था) की खासगी मालक. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. डरहॅमचा किनारा वैज्ञानिक महत्त्वाचं संरक्षित क्षेत्रही आहे, म्हणून कड्यांत आणि वनस्पती असलेल्या उतारांवर खणणं सोडूनच द्यावं. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जहाजाचा किंवा जहाजातला वाटणारा कोणताही भाग मिळाला तर २८ दिवसांत 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा अशी दोन वा अधिक नाणी एकत्र मिळाली, तर १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार १४ दिवसांत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवायचं. ३० जुलै २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, अपवादात्मक ऐतिहासिक महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही यात आल्या. भारतातला १८७८ चा कायदा याहून कडक: जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

घरी आणल्यावर

समुद्रातून आलेलं लोखंड कोरडं पडू द्यायचं नाही. आत शिरलेला क्लोराइड हवेत पुन्हा गंज सुरू करतो आणि महिन्याभरात वस्तू पापुद्र्यांनी सुटते. लगेच गोड्या पाण्यात, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा घालून ठेवायची आणि पाणी दर आठवड्याला बदलायचं. मोठ्या तुकड्याला यात महिने जातात.

साध्या, पुरातत्त्वीय मोल नसलेल्या लोखंडासाठी विजेची पद्धत चालते. प्लास्टिकची बादली, तेच सोड्याचं पाणी, आणि जुन्या धाटणीचा १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत. ऋण टोक वस्तूला, धन टोक साध्या पोलादाच्या तुकड्याला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. टोकं उलटी लागली तर वस्तूच विरघळते. धन टोकाला स्टेनलेस पोलाद कधीच लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मुठीएवढ्या वस्तूला एक-दोन अँपिअर पुरे. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्या जागेत आणि जवळ ठिणगी-विस्तव काही नको. काही तासांनी चार्जर बंद करून, मगच हात घालून, सुटलेला गंज ब्रशने काढायचा आणि गरज असेल तर पुन्हा लावायचं. शेवटी वाहत्या पाण्यात धुऊन, मंद आचेवर पूर्ण वाळवून मेणाचा हात द्यायचा. पितळी बिल्ला आणि चांदीची नाणी या बादलीत टाकायची नाहीत. त्यांना ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून लाकडी काडीने हलकं खरवडणं पुरतं, आणि कळवायची वस्तू असेल तर तेही करायचं नाही.